ऑटोमॅटिकचा पिकअप खरंच मेलेला असतो का? दोन रविवार, चार गाड्या आणि बाबांचा डावा पाय

आमची जुनी गाडी बारा वर्षांची झाली, क्लच एवढा जड झालाय की पुण्यात युनिव्हर्सिटी चौकातनं औंधला पोचेस्तोवर डावा गुडघा बोलायला लागतो, म्हणून यंदा ऑटोमॅटिक घ्यायची असं मी घरात जाहीर केलं आणि तिथंच वाद पेटला. बाबा म्हणाले, ऑटोमॅटिकला पिकअप नसतो, घाटात रडते. मेहुणा म्हणाला, दाजी, मॅन्युअल ती मॅन्युअल, बाकी सगळ्या मोठ्या स्कूटर. बायको म्हणाली, तुम्ही दोघं हिंजवडीला रोज जाऊन दाखवा मग बोलू.

शोरूममध्ये गेलो तर तिथला पोरगा मला म्हणाला, सर दोन्हीचा पिकअप सेमच आहे. आणि शेजारच्या टेबलावर मॅन्युअल घेणारं एक जोडपं बसलं होतं, दहा मिनिटांनी त्यांना तोच पोरगा सांगतोय, मॅडम पिकअपला मॅन्युअलच भारी. कोणतं शोरूम ते नाही सांगत, सगळीकडे हेच चालतं. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर, आपण दोघंच गाडीत आणि सिग्नलला वळून परत. त्यात काय कळणार कपाळ.

म्हणून मी सरळ सेल्फ ड्राइव्हवाल्याकडनं गाड्या भाड्यानं घेतल्या. पहिल्या रविवारी १२०० सीसीची साधी पेट्रोल हॅचबॅक, एक मॅन्युअल आणि तीच एएमटी, म्हणजे स्वस्तातली ऑटोमॅटिक. दुसऱ्या रविवारी १००० सीसी टर्बो (म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा असलेली) पेट्रोल सेडान, मॅन्युअल मित्राची आणि टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक भाड्याची, हे प्रकार पुढं सांगतो. मॉडेलची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाव घेतलं की त्या कंपनीचे भक्त येतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. जोडीतलं इंजिन मात्र सेम होतं हे महत्त्वाचं, नाहीतर लोक एका कंपनीची टर्बो ऑटोमॅटिक आणि दुसरीची साधी मॅन्युअल घेऊन तुलना करतात, त्याला काही अर्थ नाही.

आता ऑटोमॅटिक हा शब्दच घोळ घालणारा आहे. त्यात एएमटी, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर आणि डीसीटी असे चार वेगळे प्रकार येतात आणि चौघांचा पिकअप चार तऱ्हेचा. बाबांच्या डोक्यात जी ऑटोमॅटिक बसलीय ती त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांची, जुन्या काळची. तेव्हा लहान गाड्यांना तीन नाहीतर चारच गिअर असायचे, आय१० ऑटोमॅटिकलासुद्धा चारच होते, दोन गिअरमधलं अंतर एवढं मोठं की वरचा पडला की इंजिन झोपायचं, खालचा पडला की बोंबलायचं. म्हणजे बाबा तेव्हा बरोबरच होते, फक्त ते तिथंच थांबलेत.

एएमटी हा आपल्याकडचा स्वस्तातला जुगाड, आणि जुगाड मी चांगल्या अर्थानं म्हणतोय. २०१४ ला सेलेरिओमधनं तो आपल्याकडे आला आणि लहान गाड्यांचा बाजारच बदलला. ह्यात इंजिन तेच, गिअरबॉक्स पण तोच मॅन्युअलचा, क्लचसुद्धा तोच, फक्त तुमच्या डाव्या पायाची आणि डाव्या हाताची नोकरी एका मशीनला दिलेली. म्हणून मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजारच जास्त पडतात. आणि म्हणूनच कागदावर पिकअप सारखा यायला पाहिजे, कारण गिअरचे रेशो सगळे तेच. फरक पडतो तो गिअर बदलताना. क्लच एकच असल्यामुळं मशीन आधी क्लच सोडवणार, चालू गिअर काढणार, पुढचा टाकणार, मग क्लच परत धरणार, आणि तेवढा वेळ चाकांना ताकद शून्य. फुल दाबलेली असेल तर गाडी अक्षरशः मान डोलावते, मागं बसलेला माणूस विचारतो काय झालं.

तर पहिला रविवार. चाकणच्या पुढं एमआयडीसीतला एक सरळ मोकळा रस्ता, सकाळी सव्वासहा, चिटपाखरू नाही. शून्य ते शंभर करायचं नाही हे बायकोनं आधीच बजावलं होतं, शून्य ते साठ पुरे. मोबाईलवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढायचा आणि घरी येऊन काटा हलल्यापासून साठला पोचेपर्यंतचे सेकंद मोजायचे. शहाण्यांनी लगेच सांगू नका, मला माहितीये की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवायची त्याला परवानगीच नसते, म्हणजे आमचे साठ हे प्रत्यक्षात छप्पन-सत्तावन्न असतील. पण दोन्ही गाड्यांना तोच नियम.

मॅन्युअलवर मेहुणा पहिला बसला. पहिल्यात फुल ताणली, दुसरा खाटकन टाकला, ५.४ सेकंद. छाती फुगली. दुसऱ्या खेपेला चाकं फिरली जागेवर, तिसऱ्या खेपेला दुसरा गिअर अडकला आणि ७ च्या पुढं गेला. मी ६.१. बायको ७.२, ती म्हणाली मला इंजिन एवढं ओरडवायला आवडत नाही. आणि बाबा ८.९! कारण बाबांनी पस्तीसलाच तिसरा टाकला. बाबा, दुसऱ्यात साठच्या वर सहज जाते ही गाडी, तर म्हणाले, अरे पण पेट्रोल किती खाईल. चाळीस वर्षं माणूस मायलेजसाठी गाडी चालवतोय, तो स्टॉपवॉच बघून काय बदलणार.

मग एएमटी. मेहुणा ६.४, मी ६.५, बायको ६.५, बाबा ६.६. तीन तीन वेळा केलं तरी आकडे त्याच घरात. उजवा पाय दाबायचा आणि बसायचं, ह्यात कोणी कमी-जास्त काय करणार!

मी तो कागद बघत बसलो थोडा वेळ. म्हणजे मॅन्युअल एएमटीपेक्षा फास्ट आहे हे खरं, पूर्ण एका सेकंदानं फास्ट आहे, पण कोणाच्या हातात? मेहुण्याच्या, आणि तेही तीनातनं एकदा. आमच्या घरातली दोन माणसं मॅन्युअलमध्ये एएमटीपेक्षा हळू होती, बाबा तर दोन सेकंदांच्या वर. पेपरात, मासिकात मॅन्युअलचे जे आकडे येतात ते रोज ह्याच धंद्यात असलेल्या ड्रायव्हरनं काढलेले असतात, क्लचची दयामाया न करता. आपण तसे चालवतो का कधी? स्वतःच्या गाडीचा क्लच, स्वतःच्या खिशातनं बदलायचा.

(कंपन्यांचं ब्रोशर बघाल तर मायलेज ठळक असतं आणि पिकअपचा आकडा बहुतेक वेळा नसतोच. मायलेजचं सर्टिफिकेट देणारी एआरएआय आपल्याच टेकडीवर बसलीय, १९६६ पासून, निम्मं कोथरूड तिथं सकाळी फिरायला जातं. आणि एएमटी पेट्रोल जास्त खाते हा पण जुना समज आहे, २०२४ च्या स्विफ्टमध्ये कंपनीचा आकडा मॅन्युअलला २४.८० आणि एएमटीला २५.७५ आहे, उलट एक किलोमीटर जास्तच. हे मी बाबांना दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा चष्मा लावून बसले.)

पण थांबा, एएमटीची खरी परीक्षा सरळ रस्त्यावर नाहीच. परत येताना बायपासनं कात्रजला गेलो आणि जुन्या घाटात घातली. चौघं गाडीत, एसी चालू. चार माणसं म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे किलो, आणि ही गाडीच मुळात नऊशे-साडेनऊशे किलोची, म्हणजे पंचवीस-तीस टक्के वजन एकदम वाढलं, इंजिन तेवढंच. पुढं एक छोटा हत्ती सिमेंटच्या गोण्या घेऊन चाललेला, स्पीड तीस. वळण संपलं, समोर रस्ता मोकळा दिसला, मी पाय दाबला.

काहीच नाही.

मनात एक, दोन म्हणेपर्यंत काहीच नाही, मग आतनं टक्क आवाज आला, तिसऱ्याचा दुसरा झाला, इंजिन ओरडलं आणि गाडी निघाली, पण तोवर समोरनं एसटी दिसली आणि मी गपचूप परत हत्तीच्या मागं. मागनं बाबा बोलले नाहीत काही, फक्त खाकरले. ते खाकरणं मला शोरूमवाल्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पिकअप पिकअप म्हणून आपण जे म्हणतो त्याचे दोन भाग आहेत हे मला त्या वळणावर समजलं. गाडी पळायला लागल्यावर किती जोरात पळते हा एक, आणि पाय दाबल्यापासून पळायला लागेपर्यंत किती वेळ घेते हा दुसरा. शून्य ते शंभरच्या आकड्यात दुसरा भाग नीट दिसतच नाही, कारण तिथं गाडी आधीच पहिल्या गिअरमध्ये तयार उभी असते. घाटात, आणि वारज्याला किंवा बावधनला सर्व्हिस रोडवरनं बायपासला घुसताना, तुम्ही वीस-पंचवीसच्या स्पीडला रांगताय, मागनं ट्रक येतोय, आणि त्या क्षणाला गाडीला आधी खालचा गिअर शोधायचाय. मॅन्युअलमध्ये तुम्हाला वळण डोळ्यांनी दिसतं म्हणून तुम्ही दुसरा आधीच टाकून ठेवता. गिअरबॉक्सला डोळे नाहीत, त्याला फक्त तुमचा पाय कळतो.

ह्यावर उपाय आहे आणि तो कोणी सांगत नाही. एएमटीचा दांडा एम कडं, म्हणजे मॅन्युअल मोडला, सरकवायचा आणि वळणाच्या आधीच मायनसकडं ढकलून खालचा दुसरा घ्यायचा. बस. क्लच तरी मशीनच बघतं, पण डोकं तुमचं चालतं. पुढच्या तीन वळणांवर मी तसं केलं आणि मॅन्युअलमधला फरक जवळजवळ संपला. सरळ रस्त्यावर पण एक युक्ती आहे, गिअर बदलायची वेळ आली असं वाटलं की ॲक्सिलरेटर किंचित सोडायचा, मान डोलत नाही. दोन-तीन दिवसांत पायाला सवय होते म्हणे, मला एका दुपारीच बऱ्यापैकी जमलं.

मग बाबा म्हणाले मी चालवतो. घाट उतरून सपाटीवर आलो होतो. पुढं एक सिग्नल लाल झाला, बाबांनी सवयीनं डावा पाय उचलला आणि क्लच समजून खाडकन दाबला. तिथं क्लच नव्हता. तिथं ब्रेकचं रुंद पेडल होतं. आम्ही चौघं एकदम पुढं, माझ्या मांडीवरचा थर्मास डॅशबोर्डवर, मागच्या ॲक्टिव्हावाल्यानं जे काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. मॅन्युअलवाल्या प्रत्येकाचं पहिल्या दिवशी हे होतं, म्हणून सांगतो, डावा पाय मागं सीटखाली दुमडून ठेवायचा, तो विसरायचा. आणि बहुतेक एएमटींना पी, म्हणजे पार्किंगची खाच, नसतो हे पण ध्यानात ठेवा, पार्क करताना गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा. बाबा पार्किंगमध्ये पाच मिनिटं पी शोधत होते.

त्या ॲक्टिव्हावरनं आठवलं, आपण पुणेकर ऑटोमॅटिकला नावं ठेवतो पण घरटी एक ऑटोमॅटिक आपल्याकडं आधीच आहे. स्कूटरमध्ये असतो तो सीव्हीटीच, दोन पुली आणि मध्ये पट्टा, गिअर नावाची गोष्टच नाही. गाडीतला सीव्हीटी तसाच वागतो, दाबलं की आधी आवाज वर जातो आणि स्पीड मागनं सावकाश येतो, रबर ताणल्यासारखं. अमेझची सीव्हीटी काकांकडं आहे, मी आधी चालवलीय, शहरात लोण्यासारखी, झटका शून्य. मोजलं तर ती वाटते तेवढी हळू नसते, पण आवाज आणि वेग जुळत नाही म्हणून हळू वाटते. मला स्वतःला तो आवाज आवडत नाही, काकूंना आवडतो, विषय संपला.

दुसरा रविवार टर्बो सेडानचा, आणि इथं माझं मत फिरलं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचऐवजी तेल असतं. एक पंखा तेल फिरवतो, त्या तेलानं दुसरा पंखा फिरतो, आणि गाडी जागेवरनं उठताना इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ह्या तेलात साधारण दुप्पट होऊन पुढं जातो. म्हणून ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकते आणि दाबली की मऊ पण दमदार उठते. स्पीड आला की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट धरतो, म्हणजे मग तेलात ताकद वाया पण जात नाही. सहा गिअर आहेत, साहेबांच्या गाडीसारखे चार नाहीत.

आकडे सांगतो. मॅन्युअलवर मेहुण्याचा बेस्ट ४.९, ऑटोमॅटिकवर सगळ्यांचे ५.२ ते ५.४. म्हणजे फरक उरला पाव-अर्धा सेकंद, आणि मॅन्युअलवर माझा स्वतःचा ५.६ होता, म्हणजे मीच हरलो. टर्बोत अजून एक गंमत आहे, मॅन्युअलमध्ये गिअर बदलायला पाय उचलला की टर्बोचं प्रेशर पडतं, परत भरायला थोडा वेळ लागतो, आणि आपण जेवढे सावकाश गिअर टाकू तेवढं जास्त पडतं. ऑटोमॅटिक गिअर बदलताना ताकद पूर्ण तोडत नाही म्हणून तो खड्डा जाणवत नाही.

ही गाडी आम्ही खंबाटकीला नेली, जाताना घाट चढायचा, येताना बोगदा, मध्ये सातारारोडला मिसळ. घाटात ट्रकच्या मागं चाळीसला होतो, लेन मोकळी झाली, दाबलं, आणि तिनं पाचव्यावरनं सरळ तिसरा घेतला, मधला वगळून, अर्धा-पाऊण सेकंद फार तर, आणि ट्रक मागं. ह्याला किकडाऊन म्हणतात, मॅन्युअलमध्ये हाच उद्योग मी करायला गेलो तेव्हा मित्राच्या गाडीत चुकून पाचवा पडला होता, ते जाऊ दे. मागं बाबांकडं आरशात बघितलं. खाकरले नाहीत. झोपले होते.

उंचीचाही हिशोब आहे. पुणं साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. हजार मीटरला हवा अंदाजे दहा टक्के विरळ होते, साध्या इंजिनची ताकद त्याच मापात घटते, टर्बो ती बरीचशी भरून काढतो. पसरणीचा घाट चढताना गाडी मरगळल्यासारखी वाटते त्यात बिचाऱ्या गिअरबॉक्सचा दोष निम्माच असतो.

राहिला डीसीटी. तो मोजायला मिळाला नाही, ऑफिसमधल्याची एसयूव्ही बाणेर-पाषाण लिंक रोडला दहा मिनिटं चालवली तेवढीच. दोन क्लच, एकाकडं १-३-५-७ आणि दुसऱ्याकडं २-४-६, तुम्ही दुसऱ्यात असता तेव्हा तिसरा आधीच तयार ठेवलेला. गिअर कधी बदलला ते फक्त आकड्यावरनं कळतं. हाच तो प्रकार ज्यानं ऑटोमॅटिक म्हणजे हळू हे समीकरण मोडलं. २००३ च्या फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मध्ये कंपनीचा आकडा मॅन्युअलला ६.६ आणि डीएसजीला (त्यांच्या डीसीटीचं नाव) ६.४ सेकंद, शून्य ते शंभर. आपल्या चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ ला आली ती फक्त डीएसजीत, ९.७ सेकंदाचा दावा, आणि मेहुण्यासारखी पोरं अजून ती सेकंडहँड शोधत फिरतात, मॅन्युअल मॅन्युअल करणारी हीच ती पोरं. मागच्या पिढीतल्या पोर्शे ९११ करेरा एसची मॅन्युअल ४.२ ला जायची आणि ऑटोमॅटिक ३.७ ला, म्हणजे मेहुण्याला बोलायला आता काही उरलं नाही. एक आहे, ड्राय क्लचवाल्या डीसीटीला इंच इंच सरकणारा जाम सोसत नाही, क्लच तापतो, आणि आमच्या घरातनं ऑफिसला जायचा रस्ता म्हणजे भूमकर चौक. म्हणून तो बाद.

माझं मत विचाराल तर असं. बजेट आखडतं असेल आणि गाडी नव्वद टक्के शहरात फिरणार असेल तर एएमटी बिनधास्त घ्या, एक सेकंदासाठी गुडघा घालवू नका, घाटात फक्त एम वापरा. दर शनिवारी ताम्हिणी किंवा भोरकडं पळणारे असाल आणि गिअर टाकायला मनापासून आवडत असेल तर मॅन्युअल, पण ती पिकअपसाठी घेतोय असं सांगू नका, मजेसाठी घेतोय म्हणा. आणि बजेट वाढवायची तयारी असेल तर टर्बो आणि टॉर्क कन्व्हर्टर, आमच्या चौघांच्या कागदावर तीच जिंकली. मेहुणा सोडून, पण पैसे तो देत नाहीये.

परवा परत त्याच शोरूमला गेलो. म्हटलं टेस्ट ड्राइव्ह पाहिजे, पण चांदणी चौकाच्या चढावर नेणार, एसी फुल, आणि आम्ही चौघं. तो पोरगा म्हणाला, सर टेस्ट ड्राइव्हला एवढे सगळे कशाला, लोड येतो ना गाडीला. बाबा तोवर पुढच्या सीटवर बसून बेल्ट लावत होते. म्हणाले, "अरे बाळा, घेतल्यावर आम्ही काय मागनं रिक्षानं यायचं का?"